लाल रेघ जेवायच्या हाताला

कर्न झुबैदकडे जाणारा डांबरी रस्ता त्या वर्षी तिसऱ्यांदा फुगला. रस्तेवाल्यांनी ठेकेदाराच्या नावानं बोटं मोडली, ठेकेदारानं उन्हाच्या नावानं. दमयंती तांडेल मात्र गाडीतून उतरली, त्या फुगवट्यावर दोन्ही पाय रोवून उभी राहिली आणि चक्क हसली.

"यात हसण्यासारखं काय आहे, डॉक्टर?" सालिमनं विचारलं. ड्रिलिंगचा हा मुकादम गेली सहा वर्षं तिच्यासोबत होता, आणि ती कधी हसते याची त्याला चांगली कल्पना होती. म्हणजे जवळजवळ कधीच नाही.

"मीठ वर येतंय, सालिम. सगळे समजतात त्यापेक्षा खूप लवकर."

ओमानच्या मध्य वाळवंटात उभं राहिलं तर नजर जाईल तिथवर सपाटी दिसते, आणि तीत अचानक एखादी टेकडी असते. कर्न झुबैद ही तशीच. पण तिला ना वाऱ्यानं घडवलं होतं ना पाण्यानं. पन्नास कोटींहून जास्त वर्षांपूर्वी इथला समुद्र आटला आणि मिठाचे जाड थर मागं राहिले. त्यांच्यावर गाळ साचला, वाळू साचली, चुनखडी साचली, अगदी काही किलोमीटर. आता ओझं वाढलं की बाकीचा खडक दाबून घट्ट होतो, जड होतो. मीठ होत नाही. ते हलकंच राहतं, आणि त्याहून वाईट म्हणजे ते वाहतं. हातात घेतलं तर दगड, पण लाखो वर्षांच्या हिशेबात मळलेल्या कणकेसारखं मऊ. मग वरच्या खडकात कुठंतरी कच्ची जागा सापडली की ते खांबासारखं वर चढायला लागतं. डोक्यावरचे थर कमानीसारखे वाकवतं, बाजूचे थर कान धरून उभे करतं आणि स्वतःच्या पोटात सुरळीच्या वड्यांसारख्या गुंडाळ्या घालत राहतं. वर येताना खोलवरच्या खडकाच्या लाद्याही उचलून आणतं. त्यातल्या काही लाद्यांत तो जुना समुद्र अजून कोंडलेला असतो, खारं पाणी, भयंकर दाबाखाली. मिठात काम करणारा माणूस मिठाला भीत नाही, या लाद्यांना भितो.

आणि कर्न झुबैदच्या पोटात तर माणसं उतरली होती. दिवसाच्या उन्हावर वीज, विजेवर हायड्रोजन, आणि तो हायड्रोजन साठवायला मिठासारखी बिनफटीची कोठी नाही. एक कोठी सहा वर्षांपूर्वीच सुरू झाली होती. दुसरी, तिच्या शेजारची, यंत्रांनी कोरणं चालू होतं. पाण्यानं मीठ विरघळवून कोठी करतात, पण या वाळवंटात गोडं पाणी आणायचं कुठून? म्हणून कोरडी कोठी. चारशे मीटर खाली अकरा माणसं पाळीनं कापत होती.

दमयंतीनं विहिरींतून काचेच्या धाग्याची एक केबल सोडली होती. मीठ केसभर सरकलं तरी धाग्यातला प्रकाश थरथरतो आणि वर आकडा उमटतो. सगळे तिला 'काचेचा कान' म्हणत. या कानानं ऐकलं ते कुणाच्याच पुस्तकात नव्हतं. पहिल्या कोठीत रोज वायू भरायचा आणि रोज काढायचा, त्यानं मीठ गरम होत होतं, आणि गरम मीठ भराभर वाहतं. वर्षाला चार मिलिमीटर चढणारा खांब आता अकरा सेंटिमीटर चढत होता. टेकडीवरची चुनखडी वाकत होती, रस्ता फुगत होता, आणि पोटातल्या गुंडाळ्या हलत होत्या.

पण ती हसली ते या शोधामुळे नव्हे. या प्रकरणासाठी आता सुरक्षा समिती येणार होती, आणि समितीचे अध्यक्ष होते डॉ. विद्याधर सबनीस. एकोणीस वर्षं ती या माणसाची वाट पाहत होती.

दमयंती मूळची घरत. उरणच्या आगरी मिठागरातली. बाप मीठ ओढायचा, थोरला भाऊ किसन बारावीनंतर ड्रिलिंगच्या कामावर आखातात गेला आणि त्याच्या पगारावर ही भूगर्भशास्त्र शिकली. सुट्टीवर आला की तो तिला धंद्यातलं शिकवायचा. जमिनीतून दगडाचं नळकांडं काढतात, त्याला कोअर म्हणतात. कोअर बाहेर आल्या आल्या ड्रिलरनं त्याच्यावर दोन समांतर रेघा मारायच्या, एक लाल आणि एक काळी. त्यावरून कुठलं टोक वरचं आणि कुठलं खालचं ते कळतं. वरचं टोक आभाळाकडे करून धरलं की लाल उजवीकडे यायला पाहिजे.

"ध्यानात कसं ठेवायचं, दादा?"

"लाल रेघ जेवायच्या हाताला. येवढं ध्यानात ठेव, दमे, नि कवा चुकशील तं मना सांग."

एकोणीस वर्षांपूर्वी, इथून तासाभरावरच्या दुसऱ्या टेकडीत, मिठातली पहिली कोरडी कोठी खोदली जात होती. सबनीस तिथले प्रमुख शास्त्रज्ञ. किसननं तळातून शेवटचं कोअर काढलं, रेघा मारल्या. कोअर किती खोलवरचं ते सांगणारी चिठ्ठी खाऱ्या पाण्यानं धुऊन गेली होती. कोअर हातभर लांब. बाकी सगळं मीठ, एका टोकाला करडा खडक. सबनीसांनी पाहिलं आणि सांगितलं, आधी खडक लागला, मग मीठ, म्हणजे लादी संपली, खोदा. खरं होतं उलटंच. मीठ संपून लादी सुरू झाली होती. दुसऱ्या दिवशी ती फुटली आणि तीन माणसं खाऱ्या पाण्यात गेली.

चौकशीत सबनीस म्हणाले, ड्रिलरनं रेघा उलट्या मारल्या. कोअर तोवर भंगारात गेलं होतं. सतरा तास पाळी केलेल्या किसनला स्वतःलाच आठवेना. सगळी मोठी माणसं सांगताहेत म्हणजे तसंच असेल, असं म्हणून त्यानं सही केली.

तो घरी परतला आणि मिठागरावर राखणीला राहिला. तेव्हापासून किसन डाव्या हातानं जेवतो. पहिल्यांदा दमयंतीनं पाहिलं तेव्हा ती ओरडलीच. तो शांतपणे म्हणाला, "ह्या हाताचा भरवसा नाय ग. तीन मानसं खाल्ली त्यानं."

त्या दिवशी दमयंतीच्या मनात सबनीसांविषयी जे बसलं ते काही हललं नाही. मिठाचाच अभ्यास घेतला, लग्नानंतरचं आडनाव लावलं, आणि सबनीसांचा शब्दन्‌शब्द वाचून काढला. त्यांच्या जाडजूड ग्रंथात एका छायाचित्रात तिला ते सापडलं. कोअरचं वरचं टोक बाणानं दाखवलेलं आणि लाल रेघ डावीकडे! साहेब ज्या प्रयोगशाळेत शिकले तिथं लाल डावीकडे धरायची पद्धत असणार. खोदणारे उजवीकडे धरतात हे त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि ड्रिलरला विचारणं त्यांच्या शानीत बसत नव्हतं. पण छायाचित्र छापताना उलटंही पडतं, त्यावर कुणी माणसाला दोषी धरत नाही. तिला ते सबनीसांच्या तोंडून हवं होतं. चार माणसांत.

समिती यायला दहा दिवस असताना सालिमच्या माणसांनी नव्या कोठीच्या तळात चाचणीचं भोक पाडलं. सात मीटरवर पातं कर्रकन वाजलं. दमयंतीनं तत्क्षणी थांबवलं, भोक बुजवून घेतलं, आणि वर आलेलं शेवटचं कोअर हातात धरलं. हातभर लांब. मीठ, आणि टोकाला बोटभर करडा खडक. खडक ओला होता.

तिनं खडकावरून अंगठा फिरवला, आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या मनात काहीतरी पेटलं. तेच कोअर! जणू मिठानं एकोणीस वर्षं जपून परत आणून दिलं होतं.

"लादी आहे," सालिम म्हणाला. "माणसं वर घ्यायची ना?"

काचेचा कान सांगत होता की लादी वाकतेय, मिठाबरोबर वर ढकलली जातेय. आज उद्या फुटेल असं नव्हतं. महिनाभर काही होणार नाही असंही कुणी छातीठोकपणे सांगू शकलं नसतं.

"समिती येऊ दे," ती म्हणाली. "तळ खोदायचा नाही. भिंतींचं काम चालू राहू दे. हा अहवाल मी समितीपुढेच ठेवणार."

"दहा दिवस?"

"नऊ. आजचा सरलाच. माझ्यावर विश्वास आहे ना?"

सालिमनं तिच्याकडे पाहिलं. विश्वास होता, म्हणूनच तो भिंतींच्या कामाला परतला. तिचा हिशेब वेगळा होता. आत्ता अहवाल दिला तर सबनीस पुण्यात बसून तो वाचणार, खाली लिहिलेलं वाचून मान डोलावणार आणि उलट शाबासकी देणार. माणूस आयता सुटला असता. तिला सबनीसांच्या हातात कोअर द्यायचं होतं. तिनं कोअरवरच्या लाल-काळ्या रेघा स्वतः तपासल्या, खोलीची चिठ्ठी मात्र लावली नाही, आणि कोअर कुलपात ठेवलं. नऊ दिवस मिठाची गुळणी धरायची ठरवली.

पाळीचा म्होरक्या नासर रोज सकाळी कोठीत उतरवणाऱ्या पाळण्यात बसण्याआधी तिच्या खोलीत डोकवायचा. मूठभर खजूर टेबलावर ठेवायचा, कॉफी ओतायचा आणि विचारायचा, "डॉक्टर, आज मीठ काय म्हणतं?"

"झोपलंय," ती सांगायची. एरवी ती त्याच्याशी दोन गोष्टी बोलायची. त्या नऊ दिवसांत तिनं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं नाही.

सहाव्या दिवशी कोठीच्या भिंतीला घाम आला. तळाशी, कोपऱ्यात, ओंजळभर खारं पाणी. सालिम धावत आला. एवढं संतापलेलं तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"हे पाणी हवेतलं नाही, हे तुम्हालाही माहीत आहे!"

"भोक बुजवताना राहिलेलं असेल."

"असेल?" तो म्हणाला. "डॉक्टर, तुम्ही कधी 'असेल' म्हणत नाही."

तिनं कानाचे आकडे पाहिले. लादी आणखी चार मिलिमीटर वर. तीन दिवस, फक्त तीन दिवस. तिला किसनचा डावा हात आठवला, त्यातून सांडणारी शितं आठवली, आणि ती म्हणाली, "कोपऱ्यात पंप बसवा. काम चालू ठेवा."

समिती आली. सबनीस आता सत्तरीकडे झुकलेले, पांढरे शुभ्र, आवाजात मायाळूपणा. पाच सदस्य, टेबलावर ध्वनिमुद्रण चालू.

"बाई, तुमचा तो काचेचा कान फारच सुंदर कल्पना आहे हं," ते मराठीत म्हणाले. "इतक्या लांब आपलं माणूस भेटलं की बरं वाटतं. तांडेल म्हणजे कुठले?"

"उरणकडचे, सर."

"वा! मिठाच्या गावचेच की."

तिनं तबक आणून त्यांच्यापुढे ठेवलं. "नव्या कोठीच्या तळातलं शेवटचं कोअर. तुमचं मत आधी ऐकावं म्हटलं. तुमच्याइतकी कोअर कुणी पाहिलेली नाहीत."

"चिठ्ठी नाही याला?"

"रेघा आहेत, सर."

आणि काय सांगावं, गडी फुलला! नळकांडं उचललं, डोळ्यांजवळ नेलं, रेघांवर अंगठा फिरवला आणि ते फिरवून धरलं. लाल डावीकडे.

"हे बघा," ते सदस्यांना इंग्रजीत समजावू लागले. "हे वरचं टोक. आधी हा खडक लागला, पातळ लादी असणार, आणि त्याखाली हे स्वच्छ मीठ. लादी संपली. तळ आणखी वीस मीटर खाली न्यायला माझी हरकत नाही."

"नक्की, सर?"

"चाळीस वर्षं हेच करतोय, बाई."

"मग लाल रेघ कुठल्या हाताला, सर?"

"डाव्या. का?"

दमयंतीनं सालिमला हाक मारली. दारात उभ्या सालिमला तिनं एवढंच विचारलं की कोअरचं वरचं टोक आभाळाकडे करून धरलं तर लाल कुठं येते. सालिमनं उजवा हात वर केला. शेजारी बसलेल्या नॉर्वेच्या सदस्यानं भुवया चढवल्या आणि म्हणाला, "अर्थात उजवीकडे. जगभर खोदणारे असंच करतात."

सबनीसांनी कोअर पुन्हा पाहिलं. मग हळूच उलटं केलं. मीठ वर गेलं, ओला खडक खाली आला. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"खोदा म्हणालात, सर," दमयंती म्हणाली. "एकोणीस वर्षांपूर्वी म्हणालात तसंच. ड्रिलरनं रेघा उलट्या मारल्या असं सांगितलंत. किसन घरत. माझा सख्खा भाऊ."

सबनीस खुर्चीत मागं टेकले. हातातलं कोअर त्यांनी खाली ठेवलंच नाही.

"त्या दिवशी मला खरंच माहीत नव्हतं," ते म्हणाले. "आईशप्पथ नव्हतं. दुसऱ्या महिन्यात, ते कोअर बाहेर काढतानाच्या एका फोटोवरून कळलं. तोवर त्यानं सही केली होती. चूक मानायला नको म्हणून मी लाल डावीकडेच धरत राहिलो, इतकी वर्षं की तेच खरं वाटायला लागलं."

"आणि मग?"

"मग... मग बोलायचं राहून गेलं."

राहून गेलं! तीन मेलेल्या माणसांचं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर टाकून हा माणूस ग्रंथ लिहीत होता, हारतुरे घेत होता, आणि म्हणे राहून गेलं. तिनं फोन लावून त्यांच्यापुढे ठेवला. पलीकडून मिठागरावरचा वारा ऐकू आला.

"कोन?"

"मी... मी सबनीस बोलतोय. किसनराव, रेघ बरोबर होती. मी कोअर उलटं वाचलं होतं."

"लाल कुठं व्हती?" किसननं विचारलं.

"उजवीकडे."

"जेवायच्या हाताला," किसन म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

त्यानंतर अर्ध्या तासात कोठी रिकामी झाली. नासर सगळ्यांत शेवटी वर आला. पाचव्या दिवशी लादी फुटली, आणि पन्नास कोटी वर्षं कोंडलेल्या समुद्रानं एका दुपारी ती कोठी छतापर्यंत भरली. आत कुणी नव्हतं. सबनीसांचा राजीनामा आला, चौकशी पुन्हा उघडली, किसनचं नाव धुऊन निघालं. बातम्यांत दमयंतीचा फोटो झळकला, अकरा जणांना वाचवणारी शास्त्रज्ञ म्हणून. सालिमनं तो पाहिला आणि वर्तमानपत्र बाजूला सारलं. ती सुट्टीवर निघाली तेव्हा विमानतळावर सोडायला त्यानं दुसऱ्या कुणालातरी पाठवलं.

किसननं बहिणीसाठी स्वतः रांधलं होतं. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण, भात. मिठागरावरच्या त्याच्या खोलीच्या दारातून दुपारच्या उन्हात मिठाचे चौकोन लखलखत होते. ताटं मांडली. दमयंतीचं सगळं लक्ष त्याच्या हातांकडे होतं. किसननं उजवा हात पुढं केला. बोटं जरा अडखळली, इतक्या वर्षांत ती घास मोडायला विसरली होती. मग भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि तोंडात घातला.

दमयंतीला रडू फुटलं. एवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं. सबनीसाचा पडलेला चेहरा तिनं परतीच्या वाटेवर शंभर वेळा आठवला होता आणि दर वेळी तो तितकाच गोड लागला होता.

"सांग ना सगला," किसन म्हणाला. तोही हसत होता. "कसा धरलास त्याला?"

तिनं सांगितलं, अगदी रंगवून. कोअर कसं सापडलं, चिठ्ठी कशी लावली नाही, कुलपात कसं ठेवलं, म्हातारा कसा फुलला. किसन जेवता जेवता माना डोलवत होता. मग त्याचा हात हळू झाला.

"लादी कवा कलली तुना?"

"समिती यायच्या आधी. नऊ दिवस."

"नि कोठीत मानसं?"

"होती. भिंतींचं काम चालू होतं."

"पानी आलेलं?"

"थोडं. सहाव्या दिवशी. पण दादा, कुणालाही काही झालं नाही."

"किती मानसं?"

"अकरा."

किसननं ताटातला हात उचलला. तो संतापला नाही, ओरडला नाही. अर्ध्या जेवणावरून उठून दाराशी गेला, तांब्यातल्या पाण्यानं हात धुतला, आणि तिथंच उंबऱ्यावर तिच्याकडे पाठ करून बसला.

"दादा, तुझ्यासाठी केलं मी."

"सबनीसाला त्या दिशी ठाव नव्हतं, दमे," तो बाहेर मिठाकडे बघत म्हणाला. "तुना ठाव व्हतं."

ती ताटापुढे बसून राहिली. कालवण निवत आलं होतं. तिनं घास घ्यायला उजवा हात पुढं केला आणि तो तसाच मांडीवर ठेवला.